नागोसे मॅडमची मॅच

आमच्या घाटंजीच्या कॉलेजात भर स्टाफ मीटिंगमध्ये शिट्टी वाजवणारं माणूस एकच होऊन गेलं. प्राचार्य नव्या इमारतीबद्दल बोलत होते. पायापासून निघून छपरापर्यंत पोचले होते आणि आता पुन्हा पायाकडे उतरायला लागले होते. एवढ्यात मागच्या खुर्चीवरून असा काही कर्कश 'फुर्रर्र' आला, की उपप्राचार्यांच्या कपातला चहा बशीत आला.

"टाईम झाला सर," नागोसे मॅडम म्हणाल्या. "पोरी ग्राउंडवर उभ्या हायेत." आणि त्या खरोखरच निघून गेल्या. मीटिंग तिथंच संपली. इमारत अजून झालेली नाही.

मॅडम क्रीडा विभागाच्या. सुती साडी, तिच्यावर मर्दानी जाकीट आणि पायात पांढरे बूट. गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी, दोन्ही काळ्या दोऱ्यात. धावपळीत दोन्हींचा गुंता व्हायचा आणि मॅडम आधी शिट्टी सोडवून घ्यायच्या. "मंगळसूत्र कुठं जाते? शिट्टी वेळेवर लागते." शिपायाला बोलवायला एक छोटी शिट्टी, गेटवर रेंगाळणाऱ्या पोरांना दोन तुटक, आणि पोरगी पडली, लागलं, रडायला लागली, तर शिट्टी नाहीच. तेव्हा फक्त एक वाक्य: "पानी पिऊन ये, मंग रड." पोरगी पाणी पिऊन यायची आणि रडायचं विसरायची. नाही विसरली तर मॅडम तिच्याशेजारी मातीत बसून राहायच्या, तिचं आटोपेपर्यंत, घड्याळाकडे न बघता.

मी शिकवतो अर्थशास्त्र, पण कॉलेजात मला ओळखतात ते माईकमुळे. गॅदरिंग असो, झेंडावंदन असो, कोणाचा निरोप असो, सूत्रसंचालन माझं. मॅडम म्हणायच्या, "तुमी तं माईक दिसला का नवरदेव होता." एकदा आमच्या व्हॉलीबॉलच्या पोरी पांढरकवड्याच्या संघाकडून सपाटून मार खात होत्या, आणि मी माईकवरून 'अजून आशा आहे, अजून आशा आहे' असा गजर लावला होता. मॅडमनी खेळ थांबवला, चालत माझ्यापाशी आल्या आणि माईकवर हात ठेवून म्हणाल्या, "सर, आशाबिशा काही नाही. पोरी हरून राह्यल्या. त्यायले नीट हरू द्या."

पोरी अतिशय नीट हरल्या. मी तेव्हा हसलो होतो. चांगला किस्सा मिळाला म्हणून आठवडाभर सांगत फिरलो होतो.

हे किस्से सांगायचं आमचं ठिकाण म्हणजे बसस्टँडजवळचा चहाचा कट्टा. पण तिथं माझा नंबर दुसरा. पहिला नंबर मॅडमच्या नवऱ्याचा, नागोसे गुरुजींचा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पोरांना बाराखडी शिकवणारा हा सडपातळ माणूस संध्याकाळी कट्ट्यावर बसला, की समोरच्याचा चहा गार व्हायचा. साहेबाची तपासणी, शाळेत घुसलेली बकरी, बोरी अरबच्या बाजारात स्वतःच्याच चोरीला गेलेल्या छत्रीचा भाव करणारा पाटील. मध्येच कोणी तोंड घातलं, तर गुरुजी त्याच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणायचे, "ऐकून तं घे अगोदर!" गावात हे वाक्य त्यांच्या नावासारखं होतं. बोलताना तोंडात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला आमच्याकडचा हा प्रसाद. तो गालात ठेवूनही शब्द कसे स्पष्ट काढावेत, हे आम्ही गुरुजींकडूनच शिकलो.

मग गुरुजींच्या जिभेला फोड आला आणि तो गेला नाही. नागपूरला ऑपरेशन झालं. जीभ गेली, जबड्याची एक बाजू गेली. गुरुजी घरी आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. कट्टा तर सोडाच, अंगणातसुद्धा येईनात. आम्ही भेटायला गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारून उठलो. नंतर जाणं कमी झालं. आजारी माणसाला त्रास नको, असं एकमेकांना सांगायला सोपं असतं.

मॅडम मात्र त्यांना घेऊन दर काही दिवसांनी पहाटेच्या एसटीनं नागपूरला जायच्या. त्या बसची गोष्ट त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितली, ती मी अजून विसरलो नाही.

"सर, ते बस म्हनजे खोट्यायची दिंडी हाय," त्या म्हणाल्या. "अर्धी बस एकाच दवाखान्यात उतरते आणि एकानं दुसऱ्याले खरं सांगतलं तं शपथ. एक म्हनते, पोरीकडं चाललो. दुसरा म्हनते, मोटरच्या पार्टसाठी चाललो. फाईल कोनाच्या पिशवीत दिसत नाही, सारी लुगड्यात गुंडाळून. आपल्या मेडिकलच्या गल्लीतले ते बाबाराव भेटले परवा. म्हनलं, कुठं? तं म्हने, लग्नाले."

"मग?"

"मंग काय? पितृपक्षात कोनतं लग्न असते हो सर?"

स्टाफरूम हसून लोळली. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात लाईनीत ते माह्या मागंच उभे होते. मी मागं पाह्यलं नाही. कायले बिचाऱ्याचं लग्न मोडू?"

त्याच दिवशी त्यांनी प्राचार्यांपुढे प्रस्ताव ठेवला. जानेवारीत, गॅदरिंगच्या आठवड्यात, कॉलेजच्या पोरी विरुद्ध जुन्या विद्यार्थिनी असा व्हॉलीबॉलचा सामना. जो पैसा गोळा होईल तो या बसमधल्या लोकांच्या तिकिटाला आणि नागपूरला रोग्यासोबत राहणाऱ्यांच्या जेवणाला. आणि प्रत्येक पोरगी खेळेल ती घरातल्या किंवा शेजारच्या एका रोग्यासाठी, त्याचं नाव पाठीवर लिहून.

प्राचार्य खूश झाले. पाहुणे म्हणून कोणाला बोलवायचं, याची चर्चा त्यांनी सुरूही केली.

"पाहुना नको," मॅडम म्हणाल्या. "पाहुना आला का हार येते, हार आला का भाषन येते, भाषन आलं का अंधार पडते. बॉल दिसला पायजे."

मला त्यांनी बाहेर व्हरांड्यात गाठलं आणि खरं कारण सांगितलं. "सर, पैसा दोन दिवसात संपन, मले माहीत हाय. मले आमच्या यायले एक डाव लोकात आनून बसवायचं हाय. बस. खुर्चीवर, उजेडात, लोकात. गप्पा मारनारा मानूस होता हो तो. भिताड पाहून पाहून मरन्यापरीस तिथं बसू दे."

तर सामन्याचा घाट असा होता. पण पहिल्याच दिवशी घोड्यानं पेंड खाल्ली. एकाही पोरीनं नाव दिलं नाही. 'आमच्या घरी कोणालाच नाही मॅडम.' घाटंजीत त्या रोगाचं नावसुद्धा घेत नाहीत. 'ते', 'गाठ', 'मोठं दुखणं' म्हणतात. घरात आहे हे कळलं, तर पोरीबाळींची लग्नं अडतात. बसमधले खोटे लोक मॅडमच्या ग्राउंडवर पोरींच्या रूपानं पुन्हा उभे होते.

मॅडमनी रात्र विचारात घालवली आणि सकाळी तोडगा काढला. नाव नको. त्या माणसाचं नेहमीचं एक वाक्य सांगा. तेवढंच पाठीवर लिहू. घरच्यांना कळेल, इतरांना काय कळणार?

पोरी तयार झाल्या. स्टँडजवळच्या पेंटरनं टी-शर्ट रंगवले. काय ते शर्ट! 'पंखा कोन चालू ठेवला?' 'अगोदर जेवून घे.' 'मले काही झालं नाही.' 'हा पाऊस काही खरा नाही.' आमची सेटर रुबिना, गॅरेजवाल्या सलीमभाईंची मुलगी, तिच्या पाठीवर 'पहले हाथ धो'. आणि पंच म्हणून उंच स्टँडवर चढलेल्या मॅडमच्या जाकिटावर, मोठ्या अक्षरांत, 'ऐकून तं घे अगोदर'.

आता मॅडमसारख्या हुशार बाईची चूक बघा. वाक्य लिहिलं की माणूस लपेल, असं त्यांना वाटलं. अहो, घाटंजी! इथं खोकल्यावरून माणूस ओळखतात. पोरी मैदानात आल्या, पाठ वळवली, आणि प्रेक्षकांत एकदम कुजबुज उठली, मग आरोळ्याच. "अरे, पंखा म्हनजे आपले विठ्ठलकाका! त्यायले हाय?" "'मले काही झालं नाही' म्हनजे शेवंताबाईच! म्हनूनच पोळ्याले दिसली नाही!" एकेक शर्ट ओळखला जात होता. पोरी सर्व्हिस करायला वळल्या की लोक वाचत होते, हसत होते आणि हसता हसता गप्प होत होते. बाबाराव गर्दीत होते. त्यांच्या भाचीच्या पाठीवर 'चाल, निघू आता' वाचून ते निघून गेले.

मी माईकवर होतो. गुण सांगणं एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

गुरुजी त्या वर्षी आले नाहीत. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची शेवटी एका कुत्र्यानं सावलीसाठी वापरली.

परिणाम व्हायचा तो झाला. रुबिनाची सोयरीक दारव्ह्याला ठरली होती. 'पहले हाथ धो' म्हणणारी बाई, म्हणजे रुबिनाची आई, अख्ख्या गावाला माहीत. गॅरेजमध्ये चहा प्यायला बसलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला तिनं हात धुवायला लावलेले. बातमी दारव्ह्याला पोचली. मुलाकडच्यांनी आधी तारीख पुढं ढकलली, मग फोन उचलणं बंद केलं.

सलीमभाई कॉलेजात आले. हाताला ग्रीस तसंच. मी मॅडमच्या खोलीत होतो, उठायला लागलो, तर मॅडम म्हणाल्या, "बसा सर. मार खायचा असन तं साक्षीदार पायजे."

"मॅडम, मैंने आपको बहन माना," सलीमभाई उभ्यानंच म्हणाले. "आपने मेरे घर की बात पीठ पे लिखके नचा दी."

"माह्यी चूक झाली भाई."

"चूक से क्या होता? लडकेवाले बोलते खानदान में है. अब उसकी छोटी बहन को भी कौन पूछेगा?"

मॅडम टेबलावरची शिट्टी इकडून तिकडं करत राहिल्या. सलीमभाई खुर्चीवर बसले आणि एकदम दमल्यासारखे म्हणाले, "रुबिना की माँ को पता चला कि सब पहचान गये. मालूम क्या बोली? बोली, चलो, अब गॅरेज में आके बैठ सकती. छह महिने से मैंने उसको अंदर छुपाके रखा था." ते उठले. "अगले साल भी लिखना. अब छुपाने को बचा क्या?"

पुढच्या वर्षी लिहिलं. सलीमभाईंच्या बायकोला तोवर पुरून महिना झाला होता. रुबिना त्याच वाक्याचा शर्ट घालून खेळली आणि आमच्या पोरींना घेऊन ती जिंकली. जिंकल्यावर मॅडमनी तिला मिठी मारली, तर ती म्हणाली, "मॅडम, पानी पीके आती." आणि नळावर गेली, ती बराच वेळ आली नाही. मी वर म्हटलं होतं की रडायचं विसरतात. सगळ्याच विसरत नाहीत. पहिल्या वर्षीच्या पाठींवरचे बहुतेक लोक त्या दुसऱ्या जानेवारीत नव्हते. पेंटर नवी वाक्यं रंगवत होता. गुरुजी त्याही वर्षी आले नाहीत. गोळा झालेला पैसा, मॅडम म्हणाल्या होत्या तसाच, पटकन संपला.

"कायले करता मग हे?" मी एकदा त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मले काय दुसरं येते?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर हाव का मी? मले नेट बांधता येते."

तिसऱ्या वर्षी गुरुजी आले.

कसं जमवलं ते मॅडमनी सांगितलं नाही. दुखणं पुन्हा उलटलं होतं, नागपूरच्या डॉक्टरांनी आता येऊ नका म्हणून सांगितलं होतं, एवढं मला माहीत होतं. दुपारी ऑटो थेट ग्राउंडवर आला. गुरुजी उतरले. नाकापासून खाली दुपट्टा बांधलेला, सदरा दुसऱ्या कोणाचा असावा इतका ढगळ, आणि काखेत पाटी. खरी, दगडी, लाकडी चौकटीची. मोबाईलवर लिहून दाखवता आलं असतं, पण प्राथमिक शाळेच्या मास्तरला खडूशिवाय बोलल्यासारखं वाटत नसावं.

ते पहिल्या रांगेत बसले आणि आमच्या गावानं त्यांचा मान राखला. आमच्याकडे मान राखायची एक रीत आहे: लोक उठतात, नमस्कार करतात आणि मोकळी जागा करून देतात. पहिल्या रांगेतले सगळे उठले, हात जोडले आणि मागं जाऊन बसले. बघता बघता अख्खी रांग रिकामी झाली. मध्ये एकटे गुरुजी.

मॅडम स्टँडवर होत्या. सर्व्हिस हवेत असतानाच लांब शिट्टी आली. खेळ थांबला. मॅडमनी वरूनच बोट दाखवलं, मंडपाच्या खांबाआड उभ्या असलेल्या आमच्या कट्ट्याकडे.

"ए कट्टेवाले! काहून लपून राह्यले बे? या इकडं. बसा त्यायच्याजवळ. माईक ठेवा सर खाली, तुमीबी."

आम्ही आलो. गुरुजींच्या दोन्ही बाजूंना बसलो, परीक्षेला बसल्यासारखे. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला. गुरुजींनी एकेकाकडे पाहिलं. दुपट्ट्यावरचे डोळे तेच होते, गोष्ट सुरू करण्याआधीचे. त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि लिहिलं. अक्षर सुंदर, फळ्यावरचं.

'आमच्या वार्डात एक बुढा होता.'

आम्ही हसलो. कट्ट्यावर गुरुजींची गोष्ट म्हणजे हसायचीच. आणि इतक्या दिवसांनी ते आले होते, त्यांना बरं वाटावं, म्हणून जरा मोठ्यानंच हसलो. गुरुजींनी हात वर करून थांबवलं, बाहीनं पाटी पुसली, पुढं लिहिलं.

'रोज दुपारी नर्सले इचारे, माहा डबा आला का?'

आम्ही पुन्हा हसलो. एकानं मांडीवर थापही मारली. गुरुजी भराभर पुसत होते, भराभर लिहीत होते. खडू कुरकुरत होता. पाटी वर आली, आणि ती वाचून व्हायच्या आत आमचं हसू सुरू झालं होतं. अक्षरं आम्हाला हसता हसता दिसली.

'डबा आननारं त्याले कोनीच नव्हतं.'

हसू जिथं होतं तिथं थांबलं, पण ते होऊन गेलं होतं. गुरुजींनी आमच्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात सगळ्या पोरांचं उत्तर चुकल्यावर मास्तर बघतो, तसं. मग त्यांनी पाटी पुसली, खुर्चीखाली ठेवली आणि हात मांडीवर ठेवून सामना बघत राहिले. आम्हीही बघत राहिलो. कोण जिंकलं, ते मला आजही आठवत नाही.

त्यानंतर गुरुजी महिनाभर होते. पुढं मॅडमनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्या भावाकडे पांढरकवड्याला गेल्या. सामना बंद पडला. नव्या सरांनी एकदा 'जनजागृती रॅली' काढली, हार होते, पाहुणे होते, आणि गेटाबाहेर खर्रा घोटायला रांग होती. मॅडमशी फोनवर बोलणं होतं कधीमधी. पण मला त्या डोळ्यांपुढं येतात त्या त्याच संध्याकाळच्या.

लोक गेले होते. मी माईकच्या वायरी गुंडाळत होतो. पोरी नेट सोडत होत्या. मॅडम स्टँडवरून उतरल्या, गुरुजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि वाकून खुर्चीखालची पाटी काढली. ती त्यांच्या मांडीवर ठेवली.

"हं," त्या म्हणाल्या. "तो बुढा. मंग?"

गुरुजींनी मान हलवली. नको.

"लिवा नं. मंग?"

गुरुजींनी खडू घेतला. लिहिलं. काय, ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. मॅडमनी वाचलं, शेवटपर्यंत, ओठ हलवत. हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. जाकिटाच्या बाहीनं पाटी पुसली आणि परत दिली.

"मंग?"

पुन्हा लिहिलं. पुन्हा वाचलं. पुन्हा पुसलं. ऊन ग्राउंडच्या पलीकडच्या तुरीवर गेलं होतं. कितीदा झालं कोण जाणे. मग एकदा मॅडमनी पाटी पुसून दिली आणि "मंग?" म्हणाल्या, तेव्हा गुरुजींनी खडू टेकवला, थोडा वेळ तसाच धरला, आणि उचलला. दोन्ही पंजे उघडे करून दाखवले. एवढंच.

मॅडम मात्र उठल्या नाहीत. कोऱ्या पाटीकडे बघत, पुढं झुकून, तशाच ऐकत बसल्या होत्या.